खाड्याचं वर्ष

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या तारखांकडे बघायची त्यांना सवय होती. मी पहिल्यांदा आकुर्डीतल्या त्यांच्या गाळ्यात गेले, तेव्हा नमस्कार केला, नाव सांगितलं, कुणी पाठवलं तेही सांगितलं. त्यातलं त्यांनी काही ऐकल्यासारखं दिसलं नाही. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बस. आधी तारखा सांग."

सगळे त्यांना काका म्हणत. दारावर पत्र्याची पाटी होती, 'अर्ज व बायोडेटा लिहून मिळेल', आणि खाली रस्त्यावर साधा बाणसुद्धा नव्हता. गाळा दुसऱ्या मजल्यावर, एका शिंप्याच्या आणि कायम बंद असलेल्या क्लासच्या मधे. तरीही चाकणपासून हिंजवडीपर्यंतची पोरं शोधत यायची. काकांनी लिहिलेला कागद कंपनीत गेला की फोन येतो, अशी त्यांची ख्याती होती.

काका मूळचे चऱ्होलीचे. बोलणं अस्सल गावचं, आणि लिहिणं मात्र असं नेटकं इंग्रजी, की ताथवड्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनीही गप्प बसावं. भोसरीच्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायला होते. सगळीकडे अंगठा लावायची मशीनं आली, तरी त्या मालकाने जुनं पंचिंगकार्ड सोडलं नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला. भंगारवाला सगळं घेऊन गेला, तेव्हा काकांनी दोनच गोष्टी मागून घेतल्या. एक, भिंतीवरचं पंचिंगचं घड्याळ, आणि दुसरी, शेवटच्या वर्षाच्या कार्डांनी भरलेलं लोखंडी कपाट. दोन्ही गाळ्यात मांडून ठेवलेली होती. येणाऱ्याने आत येताना कार्ड घालून 'खट्' असा पंच मारायचा, जाताना पुन्हा मारायचा. घड्याळ सात मिनिटं मागे होतं. मी एकदा ते नीट लावून देऊ का विचारलं. मी डिप्लोमा मेकॅनिकल, चुकीचं घड्याळ बघितलं की माझे हात शिवशिवतात. तर म्हणाले, "ते बराबर हाय. तुमी पुढं गेलाय."

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका बाईचा फोटो होता. डोक्यावर पदर, मान किंचित वळवलेली, त्यामुळे चेहऱ्याची उजवीच बाजू दिसायची. काम संपलं, माणूस उठायला लागला, की काका काचेवर बोट ठेवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "हिला कुठं पाहिलंय का?" लोक वाकून बघत आणि नाही म्हणत. कोण आहेत या, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्यांनाही माहीत नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, असेल काहीतरी खूळ.

बायोडेटाच्या बाबतीत मात्र खूळ नव्हतं. कागद एका पानाचा. दुसरं पान लिहिणाऱ्याला ते सरळ घरी पाठवत. हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर हे शब्द दिसले की पेन्सिलीने खोडत आणि म्हणत, हे चोरसुद्धा लिहितो. छंदांच्या रांगेत कुणी पोहणं लिहिलं, तर शेवटचा कधी पोहलास, कुठे, पाणी केवढं होतं, हे विचारून त्याला घाम फोडत. वाचायचे खालून वर. का, तर टेबलापलीकडचा माणूस कंटाळलेला असतो, आणि कंटाळलेल्या माणसाची नजर आधी तळाला जाते म्हणे. नांदेडकडचा एक फिटर आला होता. त्याला स्वतःबद्दल सांगता येईना. काकांनी त्याला तासभर प्रश्न विचारले आणि त्याच्या कागदावर सगळ्यात वर एक ओळ लिहिली, की बेअरिंग जायच्या दोन दिवस आधी याला आवाजावरून कळतं. त्या पोराला आठवड्यात नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला तेव्हा मी तिथेच होते. काकांनी पेढा घेतला नाही, त्याच्या कार्डावर जाण्याचा पंच मारायचा राहिला होता तो आधी मारून घेतला.

कागद तयार झाला की ते माणसाला गाळ्याबाहेर उभं करत. आत बसून कागद मोठ्याने वाचत आणि मग हाक मारत. "कागद तुझ्या आधी आत जातो," असं त्यांचं म्हणणं. "तो जाऊन खुर्चीवर बसतो. मागनं तू जायचं. तवा दोघांनी एकमेकाला वळखलं पायजे." पोरं बाहेर उभं राहून खुसुखुसु हसत. मीही हसले होते. पण माझी पाळी आली आणि दाराबाहेरून माझंच नाव, माझंच शिक्षण दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं, तेव्हा आत नक्की कुणीतरी बसलंय असं वाटून मी क्षणभर उंबऱ्यावर थांबले होते.

माझी अडचण एका वर्षाची होती. आम्ही मूळचे धाराशिवकडचे, वडील लवकर गेले, आईने चिंचवडला कंपन्यांचे डबे करून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. मी एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. आईच्या किडन्या गेल्या तेव्हा नोकरी सोडली आणि वर्षभर तिच्यापाशी राहिले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मग आई गेली. त्यानंतर मी सात इंटरव्ह्यू दिले आणि सातही ठिकाणी एकच गोष्ट झाली. समोरच्याचं बोट माझ्या तारखांवरून खाली यायचं आणि अडकायचं. या वर्षात काय करत होतात? मी सांगायचे, आई आजारी होती. ते दोन क्षण गंभीर होत, आणि मग विचारत, घरात आता आणखी कोणी आजारी नाही ना? धाकटीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. घर माझ्यावर होतं आणि फोन कुठूनच येत नव्हता.

काकांचं बोटही तिथेच अडकलं. "खाडा हाय," ते म्हणाले. कारखान्यात गैरहजेरीला खाडा म्हणतात. माझं ते अख्खं वर्ष त्या एका शब्दात गेलं आणि मला फार राग आला.

त्यांनी मात्र आधी सरळ मार्ग सांगितला. पेन्सिल घेऊन खाड्याच्या जागी चार ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. रुग्णाची पूर्णवेळ सेवा, डायलिसिसची एकही पाळी न चुकवता, रोजच्या पाण्याचं माप कागदावर. वाचताना त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, हे ठेव, हे तुझं आहे, कुणीतरी शहाणा भेटेल. मी म्हटलं, सात भेटले, त्यात शहाणा नव्हता. चाकणला मला नोकरी हवी आहे, सहानुभूती नको. तुमच्याकडे दुसरा काही उपाय असतो असं मी ऐकलंय.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तारखांकडे नाही, माझ्याकडे, आणि तेही पहिल्यांदाच. मग उठून त्यांनी ते लोखंडी कपाट उघडलं. आत पिवळट कार्डांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. त्यातलं एक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या कारखान्यातल्या इन्स्पेक्शनच्या बाकावरची एक बाई, शेवटचं वर्ष, एकही दांडी नाही. तारखा माझ्या खाड्यावर तंतोतंत बसत होत्या. ही बाई कुठे आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ती न्हाई आता. मागंपुढं कुणी न्हाई. इचारायला यायची न्हाई."

मग त्यांनी अट सांगितली, अगदी रजेचा नियम सांगावा तशी. "पान एक हाय. आत घालायचं तर तेवढंच भाईर काढावं लागतं."

एक कोरं कार्ड घेऊन ते म्हणाले, तुझं वर्ष सांग. मी सांगत गेले आणि ते बारीक अक्षरात लिहीत गेले. आईला दिवसाला किती पाणी चालायचं, तहान लागली की ती कशी ओठ चाटायची. मग मी गोळ्यांचं रिकामं पान नीट धुऊन त्याच्या खळग्यांत पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवायचे. गोळीएवढा बर्फ व्हायचा. एक एक काढून चमच्याने तिच्या तोंडात द्यायचे. माप चुकायचं नाही आणि तिलाही वाटायचं, औषध नाही, काहीतरी खाऊ मिळाला. केस गळायला लागले तरी रोज सकाळी तिला वेणी घालून हवी असायची. हे सगळं त्यांनी लिहिलं.

"आनि शेवटचं?" त्यांनी विचारलं.

ते मी सांगितलं नाही. आई गेली त्या सकाळी धाकटीचा पेपर होता. ती निघाली आणि तासाभरात आई गेली. मधल्या वेळात आईने धाकटीसाठी एक निरोप दिला होता, तो ऐकायला मी एकटीच होते. धाकटी परत आली तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. आत्ता नको ताई, मला झेपेल तेव्हा मी विचारीन, असं म्हणाली होती. मी पेपरला गेले आणि आई गेली, हे तिच्या मनातून निघत नव्हतं. तो निरोप तिचा होता, तो मी कार्डावर कसा लिहून देणार?

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "नको सांगू. पन वर्ष गेलं की त्याच्यासंगं तेबी जातं. इचार कर."

मी विचार केला नाही. कार्डावर लिहून कुणाचं वर्ष जातं का, म्हणून मी हसले. दोन्ही कार्डं त्यांनी एकामागून एक घड्याळात घातली, दोन पंच मारले, माझं कार्ड कपाटात ठेवलं आणि कपाट लावून घेतलं.

चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला. बोट तारखांवरून सुळकन खाली गेलं, कुठेच अडलं नाही. त्या कारखान्यात मापं तपासायला गेज कुठले वापरायचे, असं विचारलं, तर मी सांगितलं. काकांनी पढवलं होतंच. पण मग इन्स्पेक्शनच्या खोलीत उजेड कुठून यायचा विचारलं, ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी मी सांगितलं की वरच्या पत्र्यात एक फायबरचा तुकडा होता, दुपारी बारानंतर बाकावर ऊन यायचं आणि मायक्रोमीटर तापायचा. सांगताना माझ्या डोळ्यांवर ते ऊन आलं. समोर बसलेले एक सुपरवायझर भोसरीच्या त्याच कारखान्यातून आलेले निघाले. ते माझ्याकडे निरखून बघत होते. "अहो, तुम्ही ना?" ते म्हणाले. "बाकाच्या खणात चिंच ठेवायचात. मला पण द्यायचात कधीकधी." मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मी हसून म्हटलं, अजून ठेवते. आणि खरंच, माझ्या पर्समध्ये त्या दिवशी चिंच होती. मी कधीपासून खायला लागले ते मला आठवत नव्हतं.

नोकरी लागली. कंपनीकडून चौकशीचा फोन काकांनाच गेला, ते म्हणाले, "व्हय, हुत्या. खाडा न्हाई." कंपनीच्या बसने जाणं-येणं सुरू झालं, घर सावरलं, आम्ही रावेतला लहानसा फ्लॅट भाड्याने घेतला. दिवस बरे चालले होते म्हणूनच कदाचित मला लवकर कळलं नाही.

सुरुवात आईच्या वर्षश्राद्धाला झाली. धाकटी म्हणाली, ताई, आठवतं का, डायलिसिसहून येताना आई रिक्षावाल्याला रोज नवीन रस्ता सांगायची? मी हो म्हटलं. आठवत नव्हतं. दमलेय, असं मनाला सांगितलं. मग एकदा कपाटात जाड दातांचा कंगवा सापडला, तो मी कामवाल्या मावशींचा समजून बाजूला ठेवला. धाकटीने तो उचलून घेतला, म्हणाली, ताई, याच कंगव्याने तू आईची वेणी घालायचीस. माझ्या डोक्यात त्या वर्षाची जागा रिकामी नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. तिथे कॅन्टीनची गुरुवारची उसळ होती. बाकावरच्या शेजारणीचं लग्न होतं, तिच्या मेंदीचा वास होता. पत्र्यावर धावणारी माकडं होती. छान वर्ष होतं ते, आणि त्यात माझी आई कुठेच नव्हती. माझी आई आजारी होती आणि गेली, हे मला माहीत होतं. काकांना त्या दिवशी सांगितलेलंही शब्दांपुरतं माहीत होतं, पण पेपरात वाचलेली बातमी माहीत असते, तसं.

धाकटीने फोनमधला एक व्हिडिओ दाखवला. खाटेवर आई, आणि तिच्या मागे बसून एक बाई तिची वेणी घालते आहे. मधेच ती बाई वाटीतून बर्फाची बारीकशी गोळी काढून आईच्या ओठात ठेवते. आई डोळे मिटून घेते. त्या बाईचा चेहरा माझा होता. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि चारही वेळा मला तिचा हेवा वाटला. डॉक्टरांनी सांगितलं, ताण आहे, होतं असं, येईल परत. मी मान हलवली. काकांच्या गाळ्यातल्या त्या दोन पंचांबद्दल त्यांना सांगणं शक्य नव्हतं.

धाकटीचं लग्न ठरलं. आठ दिवस राहिले होते. स्वयंपाकघरात ती फ्रीजसमोर उभी राहून बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी भरत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "ताई, आता सांग. काय म्हणाली आई?"

मी तोंड उघडलं. काही नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, तिथे त्या सकाळी मी भोसरीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी सांगते. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिला वाटलं, निरोप वाईट आहे म्हणून मी टाळते आहे.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी थेट आकुर्डी गाठली. पंच न मारता आत गेले. काकांनी मान वर केली नाही. "पंच," ते म्हणाले. मी मारला. मग म्हटलं, माझं वर्ष परत द्या.

त्यांनी कपाट उघडलं, गठ्ठे चाळले, आणि शांतपणे सांगितलं की ते दिलं. बीडकडची एक बाई आली होती, नवऱ्याने टाकलेली, हातात काही काम नाही. चऱ्होलीतल्या एका वृद्धाश्रमात माणूस पाहिजे होतं, पण अनुभवाशिवाय घेत नव्हते. तिच्या कार्डावर वर्षभर नुसतं रडणं होतं. ते कपाटात ठेवलं आणि माझं वर्ष तिला दिलं. "लई चांगलं वर्ष हुतं तुझं," काका म्हणाले. "उभ्याउभ्या घेतली तिला."

मी नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही माणसांचं वाटोळं करता. तुम्हाला काय कळणार? त्यांनी ऐकून घेतलं. मग काचेखालच्या फोटोवर बोट ठेवलं. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, त्याचा दोन वर्षांचा खाडा होता. दुसऱ्याचं कार्ड द्यायची तेव्हा हिंमत झाली नाही, म्हणून त्यांनी स्वतःची दोन वर्षं दिली. त्यात काय होतं ते आता त्यांना माहीत नाही. फोटो घरात सापडला. शेजारी सांगतात, ही तुमची बायको, दोनच वर्षं नांदली आणि बाळंतपणात गेली. "लोक सांगत्यात म्हंजी आसंल," काका म्हणाले. त्या गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवायचं राहिलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाची तेवढी एक नोंद राहिली होती. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

परत घेता येतं, असं त्यांनी सांगितलं. तिला आणि तिचा कागद घेऊन ये, दोन पंच मारतो. पण मग तिचं कामही जाईल आणि तुझंही.

रविवारी दुपारी मी चऱ्होलीला गेले. शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या पलीकडे तो वृद्धाश्रम होता, बैठा, स्वच्छ. मी ठरवून गेले होते, की तिला घेऊनच यायचं. नोकरी गेली तर गेली. ती व्हरांड्यात होती, माझ्याच वयाची, किडकिडीत. एका आजींच्या मागे बसून त्यांच्या उरल्यासुरल्या केसांची वेणी घालत होती. वेणी झाल्यावर उठून आत गेली आणि फ्रीजमधून गोळ्यांचं रिकामं पान घेऊन आली. खळग्यांत बर्फ होता. एक गोळी अंगठ्याने दाबून काढली आणि आजींच्या ओठात ठेवली. आजींनी डोळे मिटले.

मी शेजारी बसले आणि विचारलं, हे कुठे शिकलात? ती म्हणाली, आधी एका बाईंकडं होते की, वर्षभर. चिंचवडला. लई गुणाची बाई होती. ती माझ्या आईबद्दल सांगत होती आणि मी अनोळखी माणसाबद्दल ऐकावं तशी ऐकत होते. रिक्षावाल्याला नवीन रस्ते सांगायच्या, म्हणाली. अजून रोज स्वप्नात येतात. पदराने डोळे पुसत होती. माझ्या आईचं दुःख त्या बाईकडे होतं आणि तिने ते नीट सांभाळलं होतं. कागद घेऊन माझ्याबरोबर चला, हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. ते निघाले असते, तर त्या आजींच्या ओठात बर्फ ठेवणारं कुणी राहिलं नसतं, आणि ही बाई परत रडण्याच्या वर्षात गेली असती.

मी एवढंच विचारलं, की शेवटी त्या काही म्हणाल्या का?

"त्यांच्या धाकटीसाठी निरोप व्हता," ती म्हणाली. "मला वाटतंय, तो तिला सांगायचा राहिलाय. ती कुठं भेटंल ते आठवत न्हाई. तुम्ही वळखता का तिला?"

"ओळखते," मी म्हटलं. "माझी बहीण आहे."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात धरून सांगितलं. आवाज तिचा होता, पण बोलण्याची ढब तिची नव्हती. "मला कळलं व्हतं सकाळीच. म्हणून तर तिला लवकर काढली घरातनं. तिनं बघू नये. तिला म्हणावं, तू गेली न्हाईस. म्याच धाडली."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी धाकटीला गच्चीत नेलं आणि शब्द न शब्द सांगितला. तिने पुन्हा विचारलं, धाडली म्हणाली? मी हो म्हटलं. तो आईचाच शब्द होता, शेवटच्या वर्षात आम्ही दोघी तिला त्यावरून चिडवायचो, हे धाकटीने मला सांगितलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, की इतक्या दिवसांचं सगळं वाहून गेलं. मग डोळे पुसून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तू का रडत नाहीस?"

माझं रडून झालंय, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी रडून झालं होतं.

लग्न आटोपल्यावर काकांना भेटायला गेले. पंच मारला. झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कार्डावर काहीतरी टिपून ठेवलं. निघताना काचेवर बोट ठेवून नेहमीचंच विचारलं, "हिला कुठं पाहिलंय का?" मी नाही म्हटलं, पण या वेळी फोन काढून त्या फोटोचा फोटो घेतला. काकांनी मला थांबवलं नाही.

आता मी कंपनीत टेबलापलीकडे, मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. माझंही बोट तारखांवरून खाली सरकतं. मधे खाडा असेल तर मी आनंदाने विचारते, काय केलंत त्या वर्षात, आणि सांगणाऱ्याचं सगळं ऐकून घेते. कागदावर एकही खाडा नसेल, माणूस थोडा वयस्कर असेल, तर शेवटी फोन त्याच्यासमोर धरते आणि विचारते, यांना कुठे पाहिलंय का? आमच्या एचआरच्या पोरीला हे विचित्र वाटतं. लोक वाकून बघतात आणि नाही म्हणतात.

परवा स्टोअरच्या जागेसाठी एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, अविवाहित, असं कागदावर होतं. फोटो बघून ते नाही म्हणाले नाहीत. फोन हातात घेऊन त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "ओळखत नाही," ते म्हणाले. "पण यांच्या डाव्या गालावर तीळ आहे ना? हसल्या की खळीत जायचा."

फोटोत उजवीच बाजू दिसते. मी त्यांचा कागद बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "बसा. आधी तारखा सांगा."